मासे रात्री सोडू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुणे जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई 31 वर्षांच्या, ग्रामपंचायतीवर पहिल्यांदाच निवडून आलेल्या. गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्यामुळे घराघरात पिंपं, रांजण, हौद आणि गच्चीवर काळ्या टाक्या. मागच्या भाद्रपदात त्यांच्या आळीत पाच जणांना डेंग्यू झाला. शेजारचा सात वर्षांचा मुलगा सहा दिवस तालुक्याच्या दवाखान्यात होता. यंदा प्राथमिक आरोग्य केंद्रातून डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे मिळाले, तेव्हा "मासे नैसर्गिक, औषध विषारी, म्हणून घरोघरी मासेच सोडू" असं ताईंनी ग्रामसभेत मांडलं. सभा तापली. त्यांच्या माळकरी सासूबाईच उठून म्हणाल्या, "ज्या पाण्यात मासा फिरला ते पाणी देवाला चालायचं नाही आणि आम्हालाही." धाकट्या दिरांनी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला: परदेशात कंपन्या प्रयोगशाळेतले डास सोडतात, आज मासे आणले, उद्या डास आणतील. म्हाताऱ्या मंडळींचं म्हणणं एकच, धुराची गाडी बोलवा. ठराव बारगळला. ताई लिहितात, "लोकांना शास्त्र कळत नाही आणि मी कितीही सांगितलं तरी कळणार नाही. आमच्या आशाताई म्हणतात, रात्रीचे गुपचूप प्रत्येक हौदात दोन-दोन मासे सोडून टाकू, महिनाभर कुणाला पत्ता लागायचा नाही. डास कमी झाले की मग सांगू. वीस मासे सध्या आमच्या गोठ्यात बरणीत आहेत. सोडू का?"

ताई,

सोडू नका. तुमचा प्रश्न एका ओळीचा आहे, म्हणून उत्तरही आधी एका ओळीत दिलं. बाकीचं आता सावकाश बोलू.

मागच्या वर्षीचा तो मुलगा तुमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही, हे पत्राच्या अक्षरातूनही दिसतं. डेंग्यूवर नेमकं असं औषध नाही. सलाइन, ताप उतरवणं आणि रोज रक्त तपासून प्लेटलेट मोजत बसणं, एवढंच हातात असतं. ते सहा दिवस ज्यांनी शेजारून पाहिले त्यांना ग्रामसभेतली "देवाला चालायचं नाही" ही हरकत क्षुल्लक वाटणारच. पण तुमच्या सभेत जे तीन जण बोलले त्यांची वाक्यं मी दोनदा वाचली. डास चावल्याने डेंग्यू होत नाही, असं तिघांपैकी एकही म्हणालेलं नाही. सासूबाई देवघरातल्या पाण्याबद्दल बोलल्या. दीर विचारत होते की गावात काय सोडायचं हे ठरवतं कोण. म्हाताऱ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं. यातली एकच हरकत शास्त्राची आहे, आणि तीही अर्धीच. "लोकांना शास्त्र कळत नाही" हे वाक्य त्यामुळे थोडा वेळ बाजूला ठेवू या.

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण तुमच्या गावाचा निम्मा प्रश्न त्यांच्या एका वाक्यात सुटतो असं माझं मत आहे. तुमच्या घरात पाणी कुठे कुठे साठतं? स्वयंपाकघरातला पिण्याचा माठ किंवा रांजण, न्हाणीतलं पिंप, अंगणातला सिमेंटचा हौद, गोठ्यातलं जनावरांचं टाकं, गच्चीवरची टाकी. सासूबाईंचा आक्षेप यातल्या पहिल्या भांड्याला आहे, फार तर दुसऱ्याला. गप्पी मासा या दोन्ही भांड्यांसाठी नाहीच मुळी. ज्या भांड्यातून रोज तांब्याने पाणी उपसतो आणि जे आठवड्यातून एकदा पालथं घालता येतं, त्याला मासा लागत नाही. त्याला घट्ट बांधलेलं धुवट कापड लागतं आणि आठवड्याला एकदा घासणं लागतं. मासा कामाचा कुठे, तर जे भांडं कधीच पूर्ण रिकामं होत नाही तिथे: गोठ्याचं टाकं, बांधकामाचा हौद, पडीक आड, देवळामागचं कुंड. म्हणजे तुम्ही दोघी एकाच घरात राहून दोन वेगळ्या भांड्यांवरून भांडत होतात.

ग्रामसभेत "घरोघरी मासे" म्हटलंत तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांसमोर देवघरातला तांब्या आला, यात त्यांचं काय चुकलं?

त्यांना एक विचारून बघा. तुम्ही सून म्हणून सभेत विचारू नका. घरी दुपारी त्या निवडण-टिपण करत बसल्या असतील तेव्हा विचारा. "आत्या, तुमच्या माहेरच्या आडात मासे होते का हो? कासव होतं का?" बऱ्याच जुन्या आडांत असायचं. मुद्दाम सोडलेलंही असायचं आणि त्याच आडाचं पाणी देवाला जायचं. त्या हो म्हणतील की नाही ते मी सांगू शकत नाही, पण बोलणं "तुमचं चुकतंय" इथून सुरू होणार नाही. आणि माळकरी घरातल्या बाईला जीवहत्येची टोचणी असेल तर तीही ऐकून घ्या. मासा अळ्या खातो हे तुमच्यासाठी चांगलं आहे, त्यांच्यासाठी कदाचित नसेल. त्यांना मुळीच मासा नको असेल तर त्यांचा हौद घासायचा नि झाकायचा. डासाच्या दृष्टीने निकाल सारखाच.

पाण्याच्या पावित्र्यावरून आरोग्य खात्याशी भांडण ही काही तुमच्या गावची मिरास नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत हिवतापाचा कहर झाला. चार्ल्स बेंटली नावाच्या डॉक्टरांनी 1911 साली अहवाल दिला की शहरातल्या विहिरींत वाढणारा अ‍ॅनोफिलीस डास याच्या मुळाशी आहे. पालिकेने विहिरी झाकायला, बुजवायला सुरुवात केली आणि हिंदू, पारशी दोन्हीकडून हरकती आल्या. पूजेच्या पाण्याला ऊन लागलं पाहिजे, विहिरीत वास करणाऱ्या शक्तीचा कोप होईल, असं लोक सांगत होते. अडाणी म्हणून त्यांना उडवून लावणं सोपं होतं. पण त्याच पालिकेत काम करणारे रुस्तम मसानी त्या हरकती ऐकत बसले, टिपत बसले, आणि 1918 साली विहिरींच्या लोककथांवर त्यांचं अख्खं पुस्तक निघालं. काही विहिरींवर धार्मिक कामापुरतं पाणी काढायला झडप ठेवायची, बाकी तोंड बंद, अशी तडजोडही झाली. डासाला अडवलं म्हणजे झालं. देवाला अडवायची गरज नव्हती.

आता तुमच्या मनातल्या एका गोष्टीला मी हात घालणार आहे, रागावू नका. "मासे नैसर्गिक, औषध विषारी" असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही अर्धवट आहे. अबेट, म्हणजे पाण्यातल्या अळ्या मारायचं टेमेफॉस हे औषध, रसायनच. पण लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर साठवणीच्या पिण्याच्या पाण्यातही टाकायला जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेली आहे. आरोग्य सेवक मापाने टाकतात ते याचसाठी. आणि गप्पी? तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा. आपल्या ओढ्याला तो पाहुणा आहे, आणि जायचं नाव न घेणारा पाहुणा. अंडी न घालता थेट पिल्लं देतो, काही आठवड्यांत दोनाचे वीस. त्याचा भाऊबंद गॅम्बुसिया 1928 साली डासांसाठीच भारतात आणला गेला आणि आज जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परक्या आक्रमक जातींच्या यादीत गॅम्बुसिया आणि गप्पी दोघंही आहेत. हौदात तो कामाचा प्राणी आहे. ओढ्यात, तळ्यात गेला की तिथल्या लहान माशांची अंडी आणि बेडकांची पिल्लं खातो. म्हणून हौद, टाकं, बंदिस्त आड एवढंच. ओढ्याला लागून असलेल्या पाझर तलावात "डास कमी होतील" म्हणून बरणी उपडी करणारे उत्साही कार्यकर्ते मी पाहिले आहेत. तुम्ही त्यातल्या होऊ नका.

शिवाय मासा म्हटलं की परकाच कशाला? गोव्यात 1990च्या दशकात हिवतापासाठी काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी तिथल्याच गोड्या पाण्यातला अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी नावाचा चिमुकला मासा घेतला, जोडीला बीटीआय हा जिवाणू घेतला, आणि पणजीकडच्या टाक्यांत, विहिरींत, बांधकामांच्या पाण्यात दोन्ही वापरून पाहिले. बीटीआय 1976 साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला. अळीच्या पोटात गेला की तिचं आतडं फोडतो. माणसाला, गुराला, माशाला काही करत नाही, कारण अळीच्या आतड्यासारखी आम्लाच्या उलट स्थिती आपल्या पोटात नसते. तुमच्या जिल्हा हिवताप कार्यालयात विचारा, त्यांच्याकडे बीटीआय आहे का आणि स्थानिक माशांचं काही करता येतं का. कदाचित नाही म्हणतील. पण विचारणाऱ्या ग्रामपंचायत सदस्याची नोंद होते.

मासा किती काम करतो हेही नीट समजून घ्या, म्हणजे सभेत जास्तीचं वचन दिलं जाणार नाही. पूर्ण वाढलेला गप्पी दिवसाला 80 ते 100 अळ्या खातो. ज्या पाण्यात तो आहे तिथल्या अळ्या कमी होतात, यात वाद नाही. पण त्यामुळे माणसांचा आजार कमी होतो का? कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास पडताळून पाहणारी संस्था; हिवतापापुरता जगभरातल्या अभ्यासांचा तिचा आढावा 2017 साली अद्ययावत झाला, त्यात तसा ठोस पुरावा मिळाला नव्हता. डेंग्यूच्या डासाचं तर आणखी अवघड. एडिस इजिप्ताय म्हणजे घरकोंबडा डास. तो दिवसा चावतो, पलंगाखाली, कपाटामागे, लटकवलेल्या कपड्यांत बसतो आणि जन्मल्या जागेपासून बहुधा दोन-चारशे मीटरच्या आतच फिरतो. त्याला हौदच लागतो असं नाही. फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, टायर, नारळाची करवंटी, मनी प्लँटची बाटली, पक्ष्यांसाठी ठेवलेलं वाटीभर पाणी, काहीही चालतं. करवंटीत तुम्ही कुठला मासा सोडणार?

म्हणून मासा सोडण्याआधी मोजा. दोन रविवार, पन्नास घरं. आशाताई आणि आठवी-नववीची चार मुलं बरोबर घ्या. प्रत्येक घरात पाण्याची भांडी किती, त्यातल्या कितीत अळ्या, आणि भांडं कोणतं, एवढंच वहीत लिहायचं. घरात शिरताना "तपासणीला आलोय" म्हणू नका, "मोजायला आलोय, तुम्हीही बघा" म्हणा. मग ती वही ग्रामसभेत वाचा. अळ्या हौदांतच जास्त निघाल्या तर माशांची बाजू तुम्हाला मांडावी लागणार नाही, वहीच मांडेल. आणि न्हाणीतल्या पिंपांत नि कूलरमध्ये निघाल्या तर तुम्हीच मासे विसरून "एक दिवस कोरडा"च्या, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करण्याच्या, मागे लागाल. माझा अंदाज दुसऱ्या बाजूचा आहे, पण अंदाजच.

कोरड्या दिवसाबद्दल एक बारीक गोष्ट, जी भिंतीवरच्या घोषणेत येत नाही. अंड्यापासून डास व्हायला आपल्या पावसाळी हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशोब. पण एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवून. ती सुकली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी चढलं की फुटतात. नुसतं पिंप ओतून पुन्हा भरलं तर काम अर्धंच होतं. काथ्याने किंवा ब्रशने आतली कड घासायची. तुमच्या गावात ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्याच्या आदल्या संध्याकाळी भांडी तशीही रिकामी असतात. तोच दिवस धरा, पाणी वाया गेल्याची ओरड होणार नाही.

आता दिरांचा व्हिडिओ. तुम्ही "अफवा" लिहून सोडून दिलंत. मला तो सगळ्यांत लक्ष देण्यासारखा वाटला, कारण त्यात खरं, अर्धं खरं आणि खोटं एकत्र कालवलेलं आहे, आणि ते सुटं करून दाखवलं नाही तर उद्या चांगल्या गोष्टीलाही गाव नाही म्हणेल.

खरं हे की प्रयोगशाळेत वाढवलेले डास सोडले जातात. ते दोन प्रकारचे आहेत. एक, जनुकात बदल केलेले. ऑक्सिटेक कंपनीचे असे डास 2021 साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या बेटांवर सोडले गेले, आणि त्याच्या आधी 2016 साली तिथे त्यावर लोकांचं मतदान झालं होतं. जिल्ह्याने एकूण होकार दिला, पण जिथे पहिल्यांदा सोडायचे होते त्या वस्तीने नकार दिला. हीच कंपनी आपल्या जालना जिल्ह्यात दावलवाडीलाही होती. 2017 साली तिथे उघड्यावरच्या बंद पिंजऱ्यांतल्या चाचण्या जाहीर झाल्या होत्या. तेव्हा "असं कुठे असतं का" म्हणून दिरांना उडवून लावलंत तर ते उद्या दावलवाडी शोधून आणतील आणि तुम्ही खोट्या पडाल.

दुसरा प्रकार व्होल्बॅकियाचा. व्होल्बॅकिया हा एक जिवाणू. 1924 साली हर्टिग आणि वोल्बॅक या दोघांना तो साध्या क्युलेक्स डासात दिसला. जगातल्या साधारण निम्म्या कीटकजातींच्या अंगात तो निसर्गतः असतो. डेंग्यूच्या एडिस इजिप्तायमध्ये मात्र नसतो. तो त्याच्या अंगात घातला की डेंग्यूचा विषाणू त्या डासात नीट वाढत नाही. यात डासाचं जनुक बदललेलं नसतं. ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ 2011 साली असे डास पहिल्यांदा मोकळे सोडले. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहराचे 24 भाग करून निम्म्यांत ते सोडले, निम्म्यांत नाही, आणि 2021 साली निकाल छापून आला: जिथे सोडले तिथे डेंग्यू 77 टक्क्यांनी कमी, दवाखान्यात भरती व्हायची वेळ 86 टक्क्यांनी कमी. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पुदुच्चेरीच्या केंद्रानेही अशा डासांच्या वसाहती तयार केल्याचं 2022 साली सांगितलं.

योग्यकार्तात या डासांच्या अंड्यांच्या बादल्या लोकांनी स्वतःच्या अंगणात, परसात ठेवून घेतल्या. अंगणात डासांची बादली! त्यासाठी काम करणारी माणसं कितीतरी आधीपासून वस्त्यावस्त्यांत बसून बोलत होती, विचारत होती. त्याच देशात, तसलेच डास घेऊन बालीमध्ये 2023 साली निघाले तर लोकांनी विरोध केला, सोशल मीडियावर वाटेल त्या अफवा फिरल्या आणि डास सोडणं पुढे ढकलावं लागलं. बालीच्या आधी योग्यकार्ताचा निकाल छापून आलेला होता. शास्त्र तयार होतं, तरी गाडी अडली.

आणि आपल्या देशाचाच जुना किस्सा, जो दिरांना माहीत नसेल पण त्यांच्या संशयाच्या पोटात आहे. 1970च्या सुमाराला दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांनी मिळून डासांच्या नरांना निर्बीज करून सोडण्याचं संशोधन सुरू केलं. पैसा अमेरिकेचा. हरियाणात सोनीपतला एडिसचे नर सोडायचे ठरत होते. 1974 साली वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या की हे जैविक युद्धासाठी माहिती गोळा करणं आहे. शास्त्रज्ञांनी आरोप फेटाळले. पण गावकऱ्यांना, एवढंच काय खासदारांनाही, नीट काही सांगितलेलं नव्हतं, आणि गप्प बसलेल्या माणसाचं खरंही कुणाला पटत नाही. संसदेच्या लोकलेखा समितीचा ताशेरे ओढणारा अहवाल 1975 साली आला, सोनीपतचं काम बंद पडलं, प्रकल्प गुंडाळला गेला. त्या जातीचं संशोधन या देशात पुढे किती वर्षं कुणी हातात घ्यायला धजेना!

आता तुमची रात्रीची योजना पुन्हा वाचा. दोन बायका, एक बरणी, लोकांचे हौद, आणि "कुणाला पत्ता लागायचा नाही". ताई, आठवड्याने नळाला पाणी यायच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरची बाई हौदाच्या तळाशी वाकणार आहे. पहिल्याच घरात मासा सापडणार. त्या संध्याकाळी दिरांचा व्हिडिओ खोटा राहणार नाही, कारण गावात कुणीतरी न विचारता पाण्यात काहीतरी सोडतं हे सिद्ध झालेलं असेल. आणि सापडलेलं नाव तुमचं असेल तर पुढल्या वेळी तुमच्या आशाताई पोलिओचा डोस घेऊन गेल्या तरी दार उघडायला लोक विचार करतील. तुमचं पद जाईल न जाईल. आशाताईंचं मात्र रोजचं काम त्या दारांवर आहे.

दिरांना काय सांगायचं? हेच सगळं. "भावजी, तुम्ही म्हणता तसे डास असतात, हे त्यांचे दोन प्रकार, आपल्या गावात यातलं काही नाही, आणि कधी आणायचं म्हटलं तर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय नाही. तसा ठराव तुम्हीच लिहा." ज्याला शंका आहे त्याच्याच हातात लेखणी द्या. तरणी माणसं चिडतात ती बहुतेक वेळा त्यांना फक्त ऐकायला बसवतात म्हणून.

धुराच्या गाडीबद्दल थोडक्यात. धूर उडता डास मारतो, अळी आणि अंडं जसंच्या तसं राहतं. तुमचा डास घरात कपाटामागे आणि गाडी रस्त्यावर. साथ पेटलेली असताना धुराला जागा आहे, एरवी ती समाधानाची वस्तू. पण म्हाताऱ्यांना समाधान हवं असेल तर ते टिंगलीचा विषय करू नका. "पंचायत आपल्यासाठी काहीतरी करते" हे त्यांना दिसायला हवं आहे. दर आठवड्याला भांडी मोजणाऱ्या मुलांची फेरी त्यांच्या ओट्यावरून गेली, त्यांच्या हौदाचा आकडा फळ्यावर लागला, तर तेही दिसतंच.

सभेत भाषण करण्याऐवजी दोन काचेच्या बरण्या ठेवा. एका पिंपातल्या अळ्या दोन्हींत घाला, दोन्हींची तोंडं पातळ कापडाने घट्ट बांधा. एकीत एक मासा. शाळेच्या ओसरीवर आठवडाभर राहू द्या. मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. फळ्यावर काढलेल्या जीवनचक्राने जितकी पोरं हलली नाहीत तितकी कापडाखाली भणभणणाऱ्या बरणीने हलायची. पाण्यातला वळवळणारा किडा आणि कानाशी गुणगुणणारा डास एकच, हे वाचून माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांदेखत होणं वेगळं. फक्त आठवडा झाला की डास झालेली ती बरणी उघडू नका, तशीच उकळत्या पाण्यात घाला.

एक राहिलंच. तुम्ही पत्रात डासांबद्दल तीन पानं लिहिलीत आणि पाण्याबद्दल एक ओळ: "आठवड्यातून एकदा येतं." डेंग्यूचा डास त्या एका ओळीत राहतो. रोज नाही तरी दिवसाआड पाणी आलं तर निम्मी पिंपं आपोआप पालथी पडतील. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण 2021 साली सापडला तो पुरंदरमधल्या बेलसरला. तोही आजार याच डासाचा, आणि तो तुमच्या जिल्ह्यात येऊन गेलेला आहे. आरोग्य सेवकाला पाणीपुरवठ्यावर बोलता येत नाही. तुम्हाला येतं, तुम्ही सदस्य आहात. माशांच्या ठरावात हरलात, पण पाण्याच्या ठरावावर सासूबाई, दीर आणि म्हातारी मंडळी तिघंही तुमच्या बाजूने हात वर करतील, मला खात्री आहे. तो आधी आणा.

आणि बरणीतले वीस मासे. झाकण लावलेलं असेल तर आधी काढा, जाळी किंवा कापड बांधा. पाणी बदलताना नळाचं ताजं घालू नका. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग घालायचं. मी पहिल्यांदा आणलेले गप्पी अशाच ताज्या पाण्यात ओतले होते, संध्याकाळपर्यंत सगळे पोट वर करून तरंगत होते. तुमच्या स्वतःच्या गोठ्याच्या टाक्यात आठ-दहा सोडायला हरकत नाही, पण सासूबाईंना विचारून. तिथलं पाणी जनावरांचं आहे, बहुतेक हो म्हणतील. टाकं घासायच्या दिवशी मासे चाळणीने बादलीत काढून ठेवायचे, हे काम त्यांनाच सांगितलंत तर आणखी बरं. उरलेले शाळेच्या बरण्यांना लागतील. ओढ्याकडे नेऊ नका.